केवढा छापायचाय?

फोटो घेऊन कुणी आलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "केवढा छापायचाय?" फोटोत कोण आहे, कशासाठी हवाय, कधी हवाय, हे सगळं नंतर. आधी माप.

बाबा ब्लॉकमेकर होते. बुधवार पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. आत शिरलं की आधी ॲसिडचा वास नाकात जायचा, मग हळूहळू डोळे अंधाराला सरावायचे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात फोटो थेट छापता येत नसे, त्याचा जस्ताच्या पत्र्यावर ठसा करावा लागे. भल्यामोठ्या कॅमेऱ्यासमोर मूळ फोटो लावायचा, मधे बारीक उभ्या-आडव्या रेघांची काचेची जाळी धरायची. त्या जाळीतून फोटोतल्या करड्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फुटायच्या. ती निगेटिव्ह मसाला लावलेल्या पत्र्यावर उतरवायची आणि पत्रा ॲसिडच्या तबकात हलवत राहायचं. जिथं ठिपका नाही तिथलं जस्त ॲसिड खाऊन टाकी, ठिपके उभे राहत. शेवटी तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा केला की ब्लॉक तयार.

जाळी कोणती वापरायची हे कागदावर ठरायचं. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ रेघांची, गुळगुळीत आर्टपेपरला १३३ रेघांची. बारीक जाळीचा ब्लॉक वर्तमानपत्राच्या कागदावर चालवला तर शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळत आणि माणसाचा चेहरा काळा पडे. जास्त बारकावे दिले म्हणून फोटो जास्त चांगला उमटतो असं नव्हतं. कागदाला झेपतील तेवढेच ठिपके द्यायचे, हे बाबांच्या हातात बसलेलं होतं.

फोटोच्या पाठीवर संपादकांनी पेन्सिलीनं '२ कॉलम' असं लिहिलेलं असे. बाबा फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून चौकटीचा कर्ण काढत. रुंदी ठरली की कर्णावरून उंची आपोआप मिळते. ती उंची एका चिठ्ठीवर लिहून ब्लॉकच्या आधी छापखान्यात जाई, कारण कंपोझिटरला तेवढी जागा सोडून मजकूर जुळवायला बसायचं असे. ती चिठ्ठी पोचवण्याचं काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे असायचं.

पुढे ऑफसेट छपाई आली, बाबांचा कॅमेरा भंगारात गेला. मी कॉम्प्युटरकडे वळलो आणि वेबसाइट बांधायला लागलो. कित्येक वर्षं मी लोकांचे फोटो पडद्यावर चढवत राहिलो आणि त्या सगळ्या वर्षांत बाबांचा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. तो विचारायला मला पाचनईच्या एका ओटीवर बसावं लागलं.

आमचा सात-आठ जणांचा ट्रेकचा गट आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची माहिती देणारी एक साइट मी गटासाठी केली होती. वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाची सोय, पायथ्याच्या गावात जेवण कुठं मिळेल, असं सगळं. २०१५च्या डिसेंबरात आम्ही हरिश्चंद्रगडाला गेलो. अकोले तालुक्यातलं पाचनई हे गडाच्या पायथ्याचं गाव. तिथं ज्या घरी आम्ही नेहमी जेवतो, त्या मामांना मी हौसेनं सांगितलं, की तुमच्या घराची माहिती आणि फोन नंबर आम्ही साइटवर टाकलाय, आता पुण्या-मुंबईची माणसं थेट तुम्हाला फोन करतील. मामांचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्यानं लगेच खिशातून फोन काढला. साधा, चार-पाच हजारांचा अँड्रॉइड. गावात टूजीची रेंज यायची, तीही ओटीच्या एका कोपऱ्यातच. तो त्या कोपऱ्यात जाऊन बसला, मी पत्ता सांगितला, त्यानं टाइप केला.

वरची निळी रेघ थोडी सरकली आणि थांबली. पान पांढरंच. आत मामी भाकऱ्या थापत होत्या, त्यांची सासू चुलीपाशी बसून आम्हाला अजून आमटी हवी का विचारत होती. आमचं जेवण झालं, हात धुतले, सुपारी झाली. मुलगा फोन हातात धरून तिथंच बसलेला. अखेर पडद्यावर गडाच्या फोटोची वरची एक पट्टी आली, नुसतं आभाळ. मग तेही थांबलं. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "दादा, नेट संपलं."

त्यानं आदल्याच दिवशी पंचवीस-तीस रुपयांचं रिचार्ज मारलं होतं. ते आठवडाभर पुरवायचं होतं. मी पैसे देऊ केले, मामांनी घेतले नाहीत. "राहू द्या, बघल पुन्हा कधी," म्हणाले.

त्या रात्री गडावर, केदारेश्वराच्या गुहेजवळ, स्लीपिंग बॅगमध्ये पडल्यापडल्या मी मनात हिशोब केला. तो आकडा मला अजून पाठ आहे. साइट उघडताच पाच फोटोंची सरकती मालिका यायची. प्रत्येक फोटो गटातल्या एकाच्या कॅमेऱ्यातून जसाच्या तसा उचललेला, ६००० बाय ४००० पिक्सेलचा. म्हणजे एका फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके. त्या मुलाच्या फोनचा पडदा ४८० पिक्सेल रुंद. तिथं तो फोटो दिसणार ४८० बाय ३२०, म्हणजे दीड लाखाच्या आसपास ठिपके. भागाकार केला तर १५६ येतात. मी त्याला १५६ ठिपके पाठवत होतो, त्यातला एक त्याला दिसणार होता आणि उरलेल्या १५५चे पैसे तो भरणार होता. एकेक फोटो सहा एमबीचा, पाचांचे तीस एमबी. टूजीवर सेकंदाला १०० किलोबिट मिळाले असं धरलं, तर ते उतरायला चाळीस मिनिटं लागतात. आणि त्याला पाहिजे होतं काय, तर त्याच्याच वडिलांचं नाव आणि नंबर. दोन ओळी.

मला हे आधी कळलं नव्हतं, याचं कारण माझ्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. माझ्या फोनवरसुद्धा. इथंच या कामातली खरी फसगत आहे. मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट या वेब डिझायनरनं रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना मांडली: पडद्याच्या रुंदीप्रमाणे लवचीक होणारी चौकट, तिच्यात मावणारी चित्रं आणि पडदा ओळखून बदलणारे नियम. चित्रांसाठी कोडची एकच ओळ पुरायची, कमाल रुंदी शंभर टक्के. चित्र कितीही मोठं असो, ते आपल्या खोक्याबाहेर जाणार नाही. ती ओळ पहिल्यांदा चालवून बघितली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. पण ती ओळ चित्राला लहान करत नाही, फक्त लहान दाखवते. फाइल आख्खीच्या आख्खी येते, फोनच्या मेमरीत उलगडते, आणि मग फोन बिचारा ती दाबून दाबून ४८० पिक्सेलमध्ये बसवतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण उलगडला तर एका पिक्सेलला चार बाइट या हिशोबानं ९६ एमबी मेमरी खातो. पाच फोटोंचे किती होतात आणि त्या स्वस्त फोनमध्ये एकूण मेमरी किती असेल, हे गुहेच्या दगडावर पडून मोजताना झोप लागली नाही.

परत आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. ते तेव्हा सत्तरीच्या पुढं होते, डोळ्यांना कमी दिसायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्हाला माप आधी कळत नाही का?"

नाही कळत. हे त्यांना समजावताना मला स्वतःला ते पहिल्यांदा नीट समजलं. त्यांच्याकडे फोटो यायचा तेव्हा कागद ठरलेला असे, कॉलम ठरलेला असे. माझा कागद प्रत्येक वाचकाच्या हातात वेगळा. कुणाचा तळहाताएवढा, कुणाचा भिंतीएवढा. त्यात जून २०१०मध्ये आयफोन ४ आला तो दुप्पट दाट ठिपक्यांचा पडदा घेऊन. तेवढ्याच रुंदीत दुप्पट पिक्सेल, म्हणजे क्षेत्रफळात चौपट. मोठा पडदा म्हणजे मोठं चित्र आणि लहान पडदा म्हणजे लहान चित्र, हे सोपं गणितही त्यानं मोडलं.

"मग सगळ्या मापांचे ब्लॉक करून ठेवायचे," बाबा म्हणाले. "ज्याला जो लागेल तो त्यानं न्यावा."

वेब बांधणाऱ्यांना हे उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली. वेबपानात चित्र बसवण्याची खूण, म्हणजे टॅग, मोझेक ब्राउझर बांधणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी २५ फेब्रुवारी १९९३ रोजी सुचवली. एक खूण, तिच्यात चित्राचा एक पत्ता. पुढची वीस वर्षं तो एकच पत्ता चालत राहिला. रिस्पॉन्सिव्ह पानं आल्यावर लोकांनी नाना युक्त्या केल्या. पान उघडल्यावर जावास्क्रिप्टनं रुंदी मोजायची आणि मग योग्य चित्र मागवायचं, ही त्यातली मुख्य. पण ब्राउझर फार घाईचा असतो. पानाचा मजकूर उतरत असतानाच त्याचा एक भाग पुढं धावत जाऊन चित्रांचे पत्ते शोधतो आणि ती मागवायला लागतो. पानाची मांडणी कशी आहे, कोणतं चित्र कुठल्या खोक्यात बसणार आहे, हे सांगणारी फाइल तोवर हातातच आलेली नसते. ही घाई वाचकाच्या भल्याची आहे, तिच्यामुळे पानं लवकर दिसतात. तिला थांबवलं तर सगळंच मंदावतं. आणि न थांबवावं, तर ती हातातल्या एकमेव पत्त्यावरचं मोठं चित्र घेऊन येते.

या पेचावर २०११ ते २०१४ अशी तीन-चार वर्षं लोक भांडत, शिकत, जुळवून घेत राहिले. रोज साइट बांधणाऱ्यांनी २०१२मध्ये या एकाच प्रश्नासाठी गट केला, मॅट मार्क्विस त्याचे अध्वर्यू. त्यांना 'पिक्चर' नावाची नवी खूण हवी होती. त्याच वर्षी मे महिन्यात ॲपलकडून दुसरी सूचना आली, 'एसआरसीसेट', म्हणजे एकाच खुणेत अनेक पत्त्यांची यादी. वेबची प्रमाणं (स्टँडर्ड) ठरवणाऱ्यांनी ही दुसरी उचलली, तेव्हा पहिल्या गटाला ते फार लागलं. शेवटी दोन्ही एकत्र नांदल्या, कारण दोघी वेगवेगळं काम करतात. ब्राउझरमध्ये ते उतरवण्याचं काम योआव वाइस या अभियंत्यानं अंगावर घेतलं आणि त्यासाठी २०१४मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा झाली. जगभरच्या वेबवाल्यांनी आपल्या खिशातले पैसे घालून ब्राउझरमध्ये एक सोय करून घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रोमच्या ३८व्या आवृत्तीत ती आली. म्हणजे मी पाचनईच्या ओटीवर बसलो होतो तेव्हा औषध वर्षभरापासून दुकानात होतं, आणि मी ते घ्यायला गेलो नव्हतो.

जानेवारीभर मी साइट उलगडून पुन्हा विणली. प्रत्येक फोटोची पाच मापं केली: ४८०, ८००, १२००, १६०० आणि २४०० पिक्सेल रुंदीची. चित्राच्या खुणेत पाचांचे पत्ते आणि प्रत्येकापुढं त्याची रुंदी लिहिली. ब्राउझरला आपला पडदा ठाऊक असतो, ठिपक्यांची दाटी ठाऊक असते. पण ते चित्र पानावर किती रुंद दिसणार, हे त्याला कळावं म्हणून आणखी एक नोंद द्यावी लागते. तिचं नाव 'साइझेस'. फोनवर पडद्याची पूर्ण रुंदी, टॅबवर अर्धी, लॅपटॉपवर एकतृतीयांश, असं आपण लिहून द्यायचं. हे पहिल्यांदा टाइप करताना मी थबकलो. फोटोच्या पाठीवरची पेन्सिलीची '२ कॉलम' ही नोंद माझ्या पडद्यावर उमटली होती.

या नोंदीकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबतो. वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या तयार साधनानं योगायोगानं त्याच डिसेंबर २०१५मध्ये, ४.४ या आवृत्तीपासून, पत्त्यांची यादी आपोआप द्यायला सुरुवात केली. पुष्कळांना वाटलं, काम झालं. पण वर्डप्रेसला तुमच्या पानाची मांडणी कशी कळणार? ते अंदाजानं लिहितं, की अमुक रुंदीपर्यंत चित्र पडद्याएवढं रुंद आहे. माझ्या किल्ल्यांच्या यादीत एका ओळीत तीन फोटो होते. १०२४ पिक्सेलच्या पडद्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ३४० पिक्सेल यायचे, आणि ब्राउझर त्या अंदाजावर विसंबून निदान १०२४ रुंदीचं चित्र आणायचा. रुंदीला तिप्पट, म्हणजे ठिपक्यांना नऊपट. नोंद दुरुस्त केली आणि पान एका झटक्यात हलकं झालं. सरकत्या मालिकेला तर यातलं काहीच लागू नव्हतं, कारण तिचे फोटो पार्श्वभूमी म्हणून लावलेले होते आणि पार्श्वभूमीच्या चित्रांकडे ही यंत्रणा बघतच नाही. ती मालिका मी काढून टाकली. तिच्याजागी एक फोटो ठेवला, आणि त्याच्या वर, अगदी सुरुवातीला, माहितीचा मजकूर. ४८० रुंदीचा तो फोटो ४० केबीच्या आत बसला. टूजीवर तीन-चार सेकंद.

दाटीच्या पडद्यांबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. आताचे कित्येक फोन तिप्पट दाटीचे असतात. त्यांना तिप्पट रुंदीचं चित्र द्यावं असं गणित सांगतं. पण छायाचित्रात दुपटीच्या पुढचा फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ट्विटरनं २०१९मध्ये याच विचारानं आपली चित्रं दुपटीवर थांबवली होती. कागदाला झेपेल तेवढीच जाळी, तसं डोळ्यांना कळेल तेवढीच दाटी. त्यापुढचं ओझं वाचक उगाच वाहतो.

मग आला कोकणकडा. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको. आत वळलेला, अर्धवर्तुळाकार, काठावर पालथं पडून खाली बघितलं तर पोटात खड्डा पाडणारा. आमच्यातल्या एकानं त्याचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा आडवा फोटो जोडून केला होता, उंचीच्या चौपट रुंद. डाव्या काठावर आमचे दोघं बसलेले, मुंगीएवढे. त्या मुंगीएवढ्या माणसांमुळेच कडा केवढा आहे हे कळायचं. लॅपटॉपवर तो फोटो बघताना श्वास अडकायचा. फोनवर तो झाला एक बोटभर पट्टी. माणसं नाहीशी, आणि माणसं गेली तसा कडाही गेला. माप अगदी बरोबर होतं, फाइल हलकी होती, आणि तरी फोटो मेला होता.

'पिक्चर' ही खूण यासाठी आहे. इथं ब्राउझरला निवड करू द्यायची नाही, आपण हुकूम द्यायचा, की अरुंद पडद्यावर हे दुसरं चित्र दाखव. मी मूळ फोटोचा डावा भाग उभा कापला. काठावरची ती दोन माणसं, त्यांच्या पायाखालून सुटलेला काळा कातळ आणि तळाशी कोकणातलं धुकं. कड्याची उजवी बाजू त्यात नाही. पण फोनवर तो फोटो बघून माझी बहीण म्हणाली, "अरे, मागं सरका की!" तेव्हा मला कळलं की कडा परत आला. हे काम कुठल्याही यंत्रणेवर सोपवू नये असं मला वाटतं. फोटोत काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्या काठावर बसलेल्यानंच ठरवावं.

नकाशानं वेगळाच धडा दिला. गडाचा हातानं काढलेला नकाशा आम्ही जेपेगमध्ये, म्हणजे फोटो साठवायच्या नेहमीच्या प्रकारात, टाकला होता. जेपेगमागचं गणित मूळ बेंगळुरूच्या नासिर अहमद यांचं. त्या कल्पनेवर काम करायला त्यांनी १९७२मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे मदत मागितली, ती नाकारली गेली. त्यांनी काम थांबवलं नाही. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४मध्ये छापून आला, आणि १९९२च्या जेपेग प्रमाणाचा तो पाया झाला. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातले सावकाश बदलणारे आणि झरझर बदलणारे भाग वेगळे करायचे, आणि जे झरझर बदल डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत ते सोडून द्यायचे. धुकं, कातळ, आभाळ, माणसांचे चेहरे यांच्यावर ही रीत फार सुंदर चालते. अक्षराची कड मात्र एकदम बदलते, काळ्यानंतर लगेच पांढरं. तिथंच ही रीत अडखळते आणि कडेभोवती धूळ उडाल्यासारखी दिसते.

रोमन अक्षरं त्या धुळीतूनही कशीबशी ओळखू येतात. देवनागरीचं तसं नाही. आपला अर्थ रेघेच्या वर आणि खाली लटकलेल्या बारक्या खुणांत असतो. नकाशा लहान करताना आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घ एक होतात. आमच्या नकाशावर एका जागी 'टाकं' लिहिलं होतं आणि दुसऱ्या जागी 'वाट बंद'. फोनवर ते 'टाक' आणि 'वाट बद' असं दिसत होतं. उन्हात, घामानं डबडबलेल्या हातात, पाणी संपत आलेलं असताना माणूस ते वाचणार. चिंता आणि चिता यांच्यात एका टिंबाचाच फरक आहे असं आपण गमतीनं म्हणतो. डोंगरात ती गंमत राहत नाही. मी नकाशा पुन्हा काढला, या खेपेला एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेघा आणि अक्षरं ठिपक्यांनी न साठवता त्यांचे आकार साठवून. तो कितीही मोठा केला तरी टिंब टिंबच राहतं आणि फाइलही लहानच राहते. मराठीत सूचना, वेळापत्रकं, निमंत्रणं, अगदी पुराचे इशारेसुद्धा चित्र करून पाठवायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मोडावी असं मला मनापासून वाटतं. अक्षरं अक्षरं म्हणूनच पाठवावीत. ती शोधता येतात, मोठी करता येतात, दिसत नसेल त्याला ऐकता येतात.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगतो. वेबपी, एव्हीआयएफ हे नवे प्रकार जेपेगपेक्षा हलके आहेत आणि आता सगळ्या मुख्य ब्राउझरांना कळतात. ते वापरावेतच. पण ६००० पिक्सेलचं चित्र नव्या प्रकारात बदललं तरी ते ६००० पिक्सेलचंच राहतं, माप आधी ठरवायला हवंच. पडद्याच्या खाली असलेली चित्रं वाचक तिथवर पोचेपर्यंत मागवू नयेत, यासाठी आता एक शब्द लिहिला की पुरतो. आणि चित्राची रुंदी-उंची खुणेत लिहावी. ती लिहिली नाही तर चित्र उशिरा येतं आणि खालचा मजकूर ढकलतं, वाचत असलेली ओळ डोळ्यांसमोरून निसटते. मधली काही वर्षं आम्ही लवचीक मांडणीच्या नादात ती लिहिणं सोडून दिलं होतं. २०१९च्या अखेरीपासून ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून जागा आधीच राखून ठेवू लागले, तेव्हा ती पुन्हा आली. कर्ण काढून पाठवलेली चिठ्ठीच ती. बाबा तोवर गेले होते, नाहीतर त्यांना दाखवली असती.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला, की माझ्या व्यवसायातले पुष्कळ लोक म्हणाले, आता कशाला हे केबी मोजत बसायचं. मी मोजतो. डेटा स्वस्त झाला म्हणून घाटात टॉवर उगवत नाहीत. खिंड ओलांडली की चार काड्यांची एक होते. रोजचा कोटा संध्याकाळी संपतो, आणि तो संपल्यावर मिळणारा वेग मला ओटीवरच्या त्या कोपऱ्याची आठवण करून देतो. फोन जुना असतो, मेमरी भरलेली असते, बॅटरी उतरलेली असते. माझ्या लॅपटॉपवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून साइट पूर्ण झाली की ती मी कात्रजच्या बोगद्यापलीकडे जाऊन, जुन्या फोनवर, एकदा उघडून बघतो.

हलकं म्हणजे बरोबर, असं मात्र मी आता म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी पाचनईला गेलो होतो. मामांचा तो मुलगा आता स्वतः ट्रेकरांच्या जेवणाचं बघतो, त्याला सात वर्षांची मुलगी आहे. साइट उघडायला आता वेळ लागत नाही. तिनं बापाच्या फोनवर आपल्या घराचं पान काढलं. त्यावर २०१५च्या त्या खेपेचा फोटो आहे: कौलारू घर, ओटी, आणि दारातून आत चुलीपाशी बसलेली मामांची आई. ती मधल्या काळात वारली. मुलीनं दोन बोटांनी फोटो ताणला, दारापर्यंत, चुलीपर्यंत, चेहऱ्यापर्यंत. फोननं त्याच्या मापाचं चित्र निवडलं होतं, त्यात त्या चेहऱ्याच्या वाट्याला मोजून दहा-बारा पिक्सेल आले होते. करड्या चौकोनांचा एक पुंजका.

"दिसंना," ती म्हणाली.

मूळ फोटो सर्व्हरवर तसाच पडून होता, सहा एमबीचा. कुणाला लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्याचा थेट पत्ता तिच्या बापाला पाठवला. सूर्य कलला होता, गडावरून उतरलेली पोरं ओटीवर गर्दी करून रील टाकत होती, रेंज जेमतेम. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरायला लागला. आधी आभाळ. मग कौलं. मग दाराची वरची चौकट आणि तिच्यावरचं वाळलेलं तोरण. बाप म्हणाला, जाऊ दे, रात्री बघू. तिनं फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"थांब ना. आजी अजून यायचीय."